वयनीची लाकडं

आरोहीचं लग्न झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन हजार पंचवीसचा वैशाख. अक्षय तृतीया होऊन आठवडा झाला होता. लग्न मुंबईत हॉलवर करावं असं केरूच्या मुलाच्या, संदेशच्या मनात होतं. पण केरू हटून बसला. "नात माझी हाय. तिच्या लग्नाचा भात माझ्या दारात शिजंल, नायतर मी येनार नाय." म्हाताऱ्याचा एवढा एक हट्ट पुरवू या, असं सगळे म्हणाले. त्या भातानंच पुढं केरूच्या तोंडची चव नेली.

पाली सोडून आत वळलं की चढण लागते आणि चढण संपली की केरूची वाडी. घर एकच, पण मधून भिंत. डावीकडं केरू, उजवीकडं त्याची थोरली भावजय गंगुबाई. थोरला भाऊ लवू जाऊन बरीच वर्षं झाली होती. गंगुबाईची एकुलती मुलगी विमला राजापुरात दिलेली. केरूची बायको सखू तीन वर्षांमागं गेली. तेव्हापासून भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली आणि दोन म्हातारी माणसं. सकाळी पलीकडून गंगुबाईचा खोकला ऐकू आला की केरूला बरं वाटायचं. आजचा दिवस आहे, असं वाटायचं.

घरामागं मांगर होता, गवत आणि औतं ठेवायची कौलारू खोपी. वाटणीत तो कुणाच्याच वाट्याला गेला नाही, दोघांचा राहिला. त्या मांगरात भिंतीला लागून आंब्याची लाकडं रचलेली होती. ती गंगुबाईची. ती कशासाठी ठेवली होती, हे वाडीत दोघांनाच ठाऊक होतं.

लवू गेला तो ऐन श्रावणात. इकडं कुणी गेलं की घराघरातून लाकूड येतं, कुणाचा ओंडका, कुणाची मोळी. त्यात कुणी मागं राहत नाही, भांडण असलं तरी. पण त्या साली आठ दिवस पावसानं उसंत दिली नव्हती आणि वाडीतलं सगळं लाकूड ओलं. बायका मसणात जात नाहीत, म्हणून गंगुबाईनं काही पाहिलं नाही. पण माणसं परतली तेव्हा ती दाराशी बसलेली होती. केरू तिच्या पुढून न्हाणीकडं गेला आणि तिला जळक्या रबराचा वास आला.

"भावजी," ती म्हणाली, "टायर घातलात?"

केरूला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही बोलवेना. "लाकूड ओलं व्हतं, वयनी," एवढंच तो म्हणाला.

त्यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. पुढं तौक्ते वादळात बांधावरचा रायवळ आंबा आडवा झाला. लवूनंच लावलेला. गंगुबाईनं माणूस लावून त्याचे तुकडे पाडून घेतले, मांगरात रचले आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाला चुन्याचं बोट ओढलं. मग केरूला आत बोलावून दाखवलं.

"ही माझी. मना टायर नको, भावजी. मी मरेन ती पावसातच, माझं नशीब मना म्हायती हाय."

"आनि मी आदी गेलो तर?"

"तर अर्धी तुमची." मग म्हणाली, "पन अर्धीच हां."

दोघं हसली. केरूनं त्या लाकडांवर हात ठेवून शब्द दिला, की यांना कुणाचा हात लागणार नाही.

आता घर रिकामं करायचं वेड केरूला कसं लागलं, ते सांगितलं पाहिजे. खालच्या वाडीत एक म्हातारा वारला. त्याची मुलं मुंबईहून आली, दिवसकार्य उरकलं आणि जायच्या आधी घर साफ केलं. साफ म्हणजे काय, तर उचललं आणि खालच्या ओढ्यात, पऱ्यात टाकलं. केरू त्या वाटेनं चालला होता. पऱ्याच्या काठी करवंदीच्या जाळीला त्या म्हाताऱ्याचा चष्मा लटकत होता. एका बाजूला दोरा बांधलेला. तो दोरा कानाला अडकवून म्हाताऱ्याला पेपर वाचताना केरूनं कैकदा बघितलं होतं. केरू तिथं बराच वेळ उभा राहिला. घरी आला तो ठरवूनच. आपलं आपण आवरायचं. आपली ढापणं जाळीला लटकायला ठेवायची नाहीत.

सुनेला, दीपालीला, फोनवर हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "बाबा, मी मोबाइलवर बघते ना, त्यात एक नियम सांगतात. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती आपली नाही. सरळ घराबाहेर."

केरूला नियम पटला. मुंबईला गोदीत हयात घालवलेला माणूस, नियम असला की त्याचा हात चालायचा. आधी सखूची लुगडी गेली. ती देताना दात उपटल्यासारखं झालं. निळं लुगडं दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत आत ठेवलं, तिसऱ्यांदा दिलं. मग गोदीतली पत्र्याची ट्रंक गेली. मग कणगी, इरली, झोपायचे दोन माच, तांदळाचा लाकडी पेटारा. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं नांगर आणि जू नेलं, भिंतीवर टांगायला. "नांगरनार नाय ना त्यानं?" केरूनं विचारलं, तर तो हसला.

दात पडला की जीभ सारखी त्या जागी जाते आणि मग हळूहळू ती रिकामी जागाच गोड लागायला लागते, तसं झालं. रिकाम्या ओटीवर दुपारी आडवं व्हायचं, वारा या दारातून त्या दारात जायचा, आणि केरूला वाटायचं, आपण सुटलो. जमवायची चटक लागते तशी सोडायचीही लागते. हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एक सखूची विळी तेवढी राहिली. फणसाचा पाट, सखू बसून बसून मधोमध खोलगट झालेला. केरू रोज त्याच्यावर बसून नारळ खवायचा, त्यामुळं नियमातूनही ती सुटली.

गंगुबाई तिच्या दारातून हे सगळं बघायची. "भावजी, आता घरात तुमीच तेवढं जुनं राह्यलात. भंगारवाल्याला इचारून ठेवा."

"इचारलं. नको म्हनाला. गंज लय हाय म्हनाला."

"मंग ऱ्हावा."

"तुजंपन जरा काढू या की, वयनी."

"माजं काय हाय? एक खाट, चार भांडी, आनि मांगरातली शिदोरी. ती शिदोरी माज्याबरोबरच जानार, तुमाला तरास नाय."

लग्नाच्या आधी ती राजापूरला लेकीकडं गेली. डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढून घ्यायचा होता. "आरोहीचं तोंड मना नीट बघायचं हाय," असं म्हणून ती एसटीत बसली.

ती गेली आणि मुंबईची माणसं आली. घर भरलं. ओटीवर बायका हळद दळायला बसल्या. संदेशनं मांगर बघितला, कौलं बघितली, वाळवी लागलेले वासे बघितले, आणि दोन दिवसांत वर लोखंडी पाईप नि पत्रा चढवून घेतला. जुने वासे आचाऱ्याच्या माणसांनी पाण्याच्या चुलीला लावले. आता आतलं सगळं बाहेर काढलं की पाहुण्यांची झोपायची सोय होणार होती.

आचारी पालीचाच होता, विनोद म्हणून. केरूला लहानपणापासून ओळखणारा. तो मांगरातून हात झटकत बाहेर आला.

"केरूकाका, शेपाचशे माणसांचा भात गॅसवर शिजवला तर तुमीच मना शिव्या घालाल. लाकूड पायजे. आनि आत काय सोनं ठेवलंय तुमी! वाजवून बघितलं मी. घंटेगत वाजतं."

केरू लगबगीनं पुढं झाला. "ती नको. ती वयनीची हायत."

"काकीची?" संदेश म्हणाला. "काकी काय करणार लाकडांचं? तिच्याकडे गॅस आहे की."

"ठेवलीत तिनं."

"कशाला?"

जात्याची घरघर चालू होती. बायका ओवी म्हणत होत्या, मध्येच हसत होत्या. अंगणात मांडवाचा खांब उभा राहत होता. अशा जागी सरणाचं नाव कसं काढायचं? लग्नघरात ते तोंडातून गेलं असतं तर दीपालीनं जन्मभर लक्षात ठेवलं असतं, आणि बरोबरच होतं तिचं. केरूनं खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं.

"किती वर्षं पडलीत ती?" दीपालीनं विचारलं.

"झाली की चार."

"मग बाबा, नियम काय?"

सगळे हसले. केरूही हसला. तोंड उघडून हसला, हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त लागलं. संदेशला चार पावलं बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. विनोदला संध्याकाळी गाठता आलं असतं. पण त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. लग्न झालं की वरच्या अंगाचा आंबा तोडू. अर्धा वैशाख आणि सबंध ज्येष्ठ हातात आहे, चांगलं ऊन आहे, वाळेल. वयनी तर ठणठणीत आहे, डोळे नवे करून येते आहे. आणि खरं सांगायचं तर, मांगराची ती भिंत रिकामी झाल्यावर कशी दिसेल, तेही त्यानं मनात बघून घेतलं.

"ने," तो विनोदला म्हणाला.

गंगुबाई लग्नाच्या आदल्या दिवशी आली, डोळ्याला काळा चष्मा लावून. पोरांनी तिला घेरलं. "आजी हिरोईन झाली, आजी हिरोईन झाली!" "मंग काय," ती म्हणाली, "नवरा तेवडा शोधा." मांगराकडं ती गेलीच नाही. तिथं पाहुण्यांची अंथरुणं होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी परसात चर खणून त्यावर भाताची मोठी टोपं चढवली होती. केरू तिथंच घुटमळत होता. गंगुबाई येताना दिसली तसा तो आडवा गेला. "धुरात नको येऊ, वयनी. डोळ्याला बाधंल."

"कुटं हाय धूर?" ती म्हणाली.

खरंच धूर नव्हता. जाळ नुसता सरळ वर चढत होता. विनोदनं एक लाकूड उचलून आत सारलं. त्याच्या तोंडाला चुन्याचं बोट होतं. गंगुबाईनं काळा चष्मा काढला. चरापाशी पडलेल्या ढिगाकडं बघितलं, जाळाकडं बघितलं, मग केरूकडं बघितलं. चष्मा पुन्हा लावला आणि मांडवाकडं वळली.

पंगतीत केरू स्वतः वाढायला आला. तिच्या पानावर त्यानं भात वाढला.

"भात बरा झालाय, भावजी," ती म्हणाली. "मोकळा. सुकं लाकूड असलं की वास लागत नाय भाताला."

"वयनी, मी…"

"आज नको. पोरीचं लगीन हाय."

तिनं पानावरचं एक शीत सोडलं नाही. आरोहीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, पाठवणीला सगळ्यांबरोबर रडली. त्या रडण्यात दुसरं काही होतं का, हे केरू पुष्कळ दिवस स्वतःला विचारत राहिला.

पाहुणे पांगल्यावर केरू भिंतीपलीकडं गेला. ती खाटेवर बसून डोळ्यात औषधाचा थेंब घालायच्या खटपटीत होती. केरूनं बाटली घेतली, थेंब घातला. ती डोळे मिटून बोलली.

"इचारलं असतंत तर दिली असती मी. आरोही माजी नाय काय? तिच्या भाताला लागली, याच्यापरास चांगलं काय व्हायचं व्हतं त्या लाकडांचं? पन इचारायचं व्हतं, भावजी. माज्या हातानं सुटली असती. आता ती माज्याकडनं नेलीत."

केरूनं बाटलीचं झाकण लावलं. "दुसरी करून ठेवतो," तो म्हणाला.

"ठेवा," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं वरच्या अंगाचा आंबा पाडायला माणसं बोलावली. पण लग्नसराई, माणसं मिळेनात. मिळाली तोवर वैशाख सरत आला होता, आणि त्या साली पाऊसही उलटा. ज्येष्ठ लागायची वाट न बघता मे महिन्यातच आला आणि बसला. आंबा कापला तो पावसातच. ओंडके मांगरात नेऊन रचले तर त्यांच्यातून पाणी पाझरत होतं. पत्र्याखाली वाफ धरली. आठवड्याभरात सालीवर पांढरी बुरशी चढली. केरू रोज जाऊन ती फडक्यानं पुसायचा.

गंगुबाई एकदा छत्री घेऊन बघायला आली. एका ओंडक्यावर नख रुतवलं. नख आत गेलं.

"ही वाळंस्तवर मना दोन वर्सं तरी जगावं लागंल," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून हसली. "बगते हां. पन नक्की सांगत नाय."

केरू वाडीत घरोघर फिरला. सुकं लाकूड कुणाकडं आहे का, म्हणून. कुणाकडं नव्हतं. सगळ्यांकडं गॅस. "कशाला हवंय, काका?" असं विचारलं की तो म्हणायचा, "असंच."

आषाढात तिला ताप आला. पालीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, विमला राजापूरहून येऊन राहिली. ताप उतरला, पुन्हा चढला. मग एक दिवस सकाळी भिंतीपलीकडून खोकला आला नाही. केरू अंथरुणात बसून वाट बघत राहिला. थोड्या वेळानं विमलाचा हंबरडा ऐकू आला.

पाऊस असा होता की समोरचं झाड दिसत नव्हतं. वाडीतली माणसं रिवाजाप्रमाणं लाकूड घेऊन आली, पण ते काय लाकूड! कुणाच्या हातात फळकूट, कुणाची भिजलेली मोळी, एकानं आंब्याच्या रिकाम्या पेट्या मोडून आणल्या. केरू घरात शिरला. काहीतरी फोडू, म्हणाला. माच फोडू. माच नव्हते. पेटारा नव्हता. नांगर, जू, मुसळ, काही नव्हतं. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आत लोखंडी कपाट. लख्ख रिकामं घर, ज्याचा त्याला एवढा अभिमान होता. तो या खोलीतून त्या खोलीत हिंडला आणि स्वयंपाकघरात थबकला. विळी भिंतीला टेकून उभी होती.

त्यानं दगडानं ठोकून पातं काढलं. पाट काखेत मारला आणि बाहेर आला.

विमला दारात होती. "काका, आईचं नीट करा हां," ती म्हणाली.

मसणात वर पत्रा आहे, पण वारा आडवा होता आणि पावसाचे फटकारे आत येत होते. केरूनं सखूचा पाट गंगुबाईच्या उशाला, लाकडांच्या मध्ये सारला. संदेश मुंबईहून निघाला होता, पण अजून अर्ध्या वाटेवरच होता, त्याच्यासाठी थांबता येत नव्हतं. अग्नी केरूनंच दिला. पेट्यांच्या फळ्या भडकल्या आणि विझल्या. तूप ओतलं, राळ टाकली. जाळ उठायचा, मांगरातल्या ओल्या ओंडक्यांना चाटायचा आणि फसफस करून खाली बसायचा. नुसता धूर. पाट पेटला की नाही, ते कुणाला दिसलं नाही.

विनोदही आला होता. पालीहून, स्वतःच्या टेम्पोनं. तो केरूच्या जवळ येऊन उभा राहिला. "काका, लग्नात ती लाकडं काय पेटली व्हती! तसली थोडी जरी असती आज…"

केरूनं त्याच्याकडं बघितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याचा काही दोष नव्हता.

"टेम्पोत जुना टायर हाय," विनोद हळूच म्हणाला. "आनू?"

"नको."

"काका, अंधार पडत आला. पऱ्याचं पानी वाटेवर आलंय. मानसं परत कशी जानार?"

"टायर नको म्हनलं ना!"

कुणी छत्री झाडली, कुणी खोकलं. कुणी त्याला घाई केली नाही, हे खरं तर जास्त वाईट होतं. केरूनं आणखी एकदा तूप ओतलं. आणखी एकदा फुंकलं. गुडघ्यावर बसून, डोळ्यात धूर घेऊन फुंकत राहिला, चुलीशी सखू फुंकायची तसा. मग विनोदनं त्याला काखेत धरून उठवलं. केरूनं तोंड फिरवलं.

"घाला," तो म्हणाला.

वाडीत आल्यावर माणसं आपापल्या न्हाणीकडं गेली. केरू अंगणात आला. डाव्या अंगाला त्याचं दार, उजव्या अंगाला तिचं. रबराचा वास त्याच्या अंगाला, केसांना, धोतराला धरून होता. तो उजव्या दारासमोर थांबला. उंबऱ्याशी कुणी बसलेलं नव्हतं. आत विमला आणि बायका होत्या, पणती लावलेली होती. कुणी काही विचारलं नाही. तरी तो थोडा वेळ तिथं उभा राहिला, विचारलं तर काय सांगायचं, हे मनात जुळवत. मग आंघोळीला गेला.

मांगरातली उरलेली ओली लाकडं तशीच रचलेली आहेत. त्यांना केरूनं चुना लावलेला नाही. घरातलं आणखी काही काढायचं का, असं दीपाली फोनवर विचारते, तेव्हा तो म्हणतो, आता माझ्याकडं काढण्यासारखं काही नाही.

गंगुबाई दोन हजार पंचवीस साली, जुलै महिन्याच्या चौदा तारखेला, सोमवारी, संकष्टीच्या दिवशी पहाटे वारली.